गोराईच्या जागा

दळवी सरांनी शब्द दिला तेव्हा मी तिथे उभी होते, म्हणून सांगते. ऐकीव नाही. बोरिवलीला त्यांचं कॉलेज व्हायचं होतं आणि जागा मिळाली होती ती सगळी दलदल, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. आमच्या गोराईच्या माणसांनी खाडीच्या अलीकडून दगडमाती पडावात भरून नेली आणि तिथे भरणी केली. दोन उन्हाळे हेच काम. माझी पर्पेच्युआ तेव्हा नुकती चालायला लागली होती. एका हाताने तिला कडेवर धरायचं, दुसऱ्या हाताने डोक्यावरचं घमेलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती, पण पोरांना शिकायला जवळ काहीतरी होतंय म्हटल्यावर घरात कोण बसणार?

त्या ऑक्टोबरात आगेऱ्याला सर गावात आले. आगेरा म्हणजे आमचा नव्या भाताचा सण, लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये न्यायच्या आणि पाद्रीबाबांचा आशीर्वाद घ्यायचा. चर्चच्या अंगणात, हातात लोंबी धरून, सगळ्यांसमोर सर बोलले. "या गावातलं जे पोर मॅट्रिक पास होईल, त्याची जागा माझ्या कॉलेजात राखलेली असेल. मार्क कितीही पडोत."

आणि माणसानं शब्द पाळला हो. दरवर्षी जूनमध्ये आमची दोन-तीन पोरं जायची, ऑफिसातले लोक त्याला 'गोराईच्या जागा' म्हणायचे. मराठी शाळेतून गेलेली पोरं, इंग्रजी ऐकलं की कानात वारं भरल्यासारखी बसायची. त्यांना कॉलेज सुटल्यावर वेगळं शिकवायचे. ओहोटीला खाडीतली तर, म्हणजे होडी, धक्क्याला लागत नाही, चिखल तुडवत यावं लागतं, म्हणून उशीर झाला तरी वर्गात घ्यायचे. त्यातून कोणी टपालखात्यात लागला, कोणी ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात. गावात पँटवाल्यांची संख्या वाढली.

पण गेले ते सगळे मुलगे. मुलगी एक नाही. सातवी झाली की गावच्या शाळेला रामराम, मग मासळीची टोपली नाहीतर लग्न. मला तर चौथीनंतरच काढली होती. पहिला नंबर होता माझा. भाऊ लहान आहे, त्याला कोण सांभाळणार, म्हणून काढली. तो राग माझ्या पोटात तसाच आहे, आई-बाप गेले तरी गेला नाही. म्हणून पर्पेच्युआ सातवी झाली तेव्हा मी घरात सांगून टाकलं, ही तरीने बोरिवलीच्या हायस्कूलात जाणार आणि मॅट्रिक होऊन कॉलेजात जाणार. सासू म्हणाली, "मुलगी शिकून काय कलेक्टर होणार?" मी म्हटलं, "झाली तर तुम्हाला पहिला सलाम ठोकायला लावीन." माझा नवरा मार्कस ट्रॉम्बेला वर्कशॉपमध्ये, शनिवारी घरी यायचा. तो आमच्या भांडणात पडत नसे. पण पोरीला कंपासपेटी त्यानेच आणून दिली. तिच्यामागोमाग माझ्या दिराची क्लॅरिसही जायला लागली. दोघी एका वयाच्या, एका वर्गात.

मग सरकारनं सगळं उलटंपालटं केलं. अकरावीची मॅट्रिक मोडली, दहावीची आणली. म्हणजे पंच्याहत्तर साली जुनी अकरावी आणि नवी दहावी, दोन्हीकडची पोरं एकदम बाहेर पडणार आणि कॉलेजच्या दारात एकच झुंबड. आमच्या दोघी नव्या दहावीत. त्यात वर आणखी एक फर्मान निघालं म्हणे, की प्रवेश मार्कांच्या क्रमानेच द्यायचे. सरकारने ठरवलेल्या सवलतीच्या जागा सोडून कॉलेजने स्वतःच्या हातात एकही जागा ठेवायची नाही. आणि सरकारच्या त्या सवलतीत आम्ही गोराईचे ख्रिस्ती काही बसत नव्हतो.

हे सांगायला दळवी सर स्वतः आले. चौऱ्याहत्तरचा आगेरा, तेच अंगण. केस पिकले होते त्यांचे. खरं सांगायला आले हे आता कळतं, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं मुलगे गेले, आणि माझ्या पोरीची पाळी आली तेव्हा दार बंद?

मी उभी राहिले. बायका पदर ओढत होत्या, पण मी काय गप्प बसणारी आहे? "म्हणजे सर, शब्द फिरवताय."

सर दोन पावलं माझ्याकडे आले. मग म्हणाले, "ॲग्नेसबाई, जागा माझ्या हातात राहिलेल्या नाहीत. मी खोटं बोलून ठेवल्या तर एक वर्ष चालेल, पुढच्या वर्षी कॉलेजवर येईल. पण शिकवणं अजून माझ्याच हातात आहे. पोरं कॉलेजात आल्यावर आपण त्यांना वेगळं शिकवायचो. आता आधी शिकवू. येत्या रविवारपासून आमच्या राणे बाई इथे येतील, गणित आणि इंग्रजी घेतील. तुमची पोरं मार्कांनी आत येतील."

"आणि नाही आली तर?"

"मग मला पुन्हा इथे येऊन उभं राहावं लागेल," सर म्हणाले.

माणूस सरळ होता. मी बसले.

राणे बाई म्हणजे सुगंधा राणे, मालवणकडची. उंच, काटकुळी, आवाज असा की तरीवर बोलली तर धक्क्यावर ऐकू यावा. लग्न केलेलं नव्हतं, की झालं नव्हतं, विचारायची कोणाची हिंमत नव्हती. पहिल्या रविवारी चिखलातून साडी वर धरून आली आणि आल्या आल्या तरीवाल्याला झापलं. मला लगेच आवडली.

चर्चच्या शाळेत वर्ग भरला. माझ्या दोघी आणि गावातली आणखी पाच-सहा पोरं. पण आमच्याकडे खाडी ओलांडून माणूस आला म्हणजे तो उपाशी परत जात नाही. पहिल्या रविवारी माझ्याकडे जेवण. पापलेटचं कालवण, मैद्याचे फुगे तळले, बाटलीतल्या मसाल्याची कोंबडी. बाई जेवल्या झकास, पण जेवण संपेपर्यंत दुपार कलली. दुसऱ्या रविवारी जावेनं माझ्यावर ताण केली, तिच्याकडे दोन प्रकारचं मटण. तिसऱ्या रविवारी पाद्रीबाबांकडे. चौथ्या रविवारी कोणाच्या घरी जायचं यावरून दोन घरांत भांडण, बाई मधे उभ्या, एकीने उजवा हात धरलाय, दुसरीने पिशवी. महिना गेला आणि बीजगणिताचा एक धडा संपला नव्हता.

पाचव्या रविवारी बाई आल्या आणि वर्गाच्या दारातच जाहीर केलं. "आजपासून या गावात मी पाण्याचा थेंबसुद्धा घेणार नाही. डबा आणलाय, बाटली आणलीये. कोणी बोलवायला येऊ नका."

आणि दुपारी शाळेच्या पायरीवर, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, एकट्या बसून डबा खाल्ला.

आता हे शहरातल्या माणसाला कळणार नाही. आमच्या गावात डबा खाणं म्हणजे काय, आमचं पाणी न घेणं म्हणजे काय. माझी सासू म्हातारी, तिने तिच्या तरुणपणी बोरिवलीला मासळी विकलेली. तहान लागली तर हिंदूंच्या घरच्या बायका वरून ओंजळीत पाणी ओतायच्या, भांडं लांब धरून. आणि आमच्या हातचं तर त्यांना चालायचंच नाही. सासू ओटीवर बसून एवढंच म्हणाली, "चार रविवार जेवली आणि मग घरी कोणीतरी समजावलं असणार." बस. संध्याकाळपर्यंत गावभर. बाईंना आमचा विटाळ होतो.

मी तर पेटलेच. माझ्या हातचं पापलेट खाऊन बोटं चाटलीस आणि आता थेंब चालत नाही? आजही म्हणते, मी रागावले ते बरोबरच होतं. त्या जागी कोणीही रागावलं असतं.

पुढच्या रविवारी एकही पोर वर्गाला गेलं नाही. कोणी ठरवलं नव्हतं, सगळ्या घरांनी आपापलं ठरवलं. मी पर्पेच्युआला बोंबील वाळत घालायला बसवलं. ती एक एक बोंबील काठीवर अडकवत गेली, आणि नाकातून पाणी. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, परीक्षा मार्चमध्ये आहे."

"माहीत आहे मला."

"मार्क नाही पडले तर जागा नाही. सर म्हणाले ना? आता ठेवलेली जागा नाहीये."

"मग काय लोकांच्या पायावर लोळण घेऊ? आपली काही इज्जत आहे की नाही?"

"तुझी इज्जत राहील," ती म्हणाली, "आणि तुझी टोपली माझ्या डोक्यावर येईल."

माझ्या आईला मी असं बोलले असते तर थोबाड फुटलं असतं. माझा हात उठलाच होता. पण पोरगी माझ्याकडे बघत होती, आणि बघताना अगदी माझ्यासारखी दिसत होती. मी पदर खोचला आणि तरातरा शाळेकडे निघाले. भांडायला निघाले होते, समेट करायला नव्हे, हेही सांगते.

बाई रिकाम्या वर्गात बसल्या होत्या. फळ्यावर गणितं लिहून तयार. समोर एक बाक नाही भरलेला. मला बघितलं तशी उठल्या. "कुठे आहेत पोरं? काय सण आहे का आज परत? तुमच्या गावात वारांपेक्षा सण जास्त."

"पोरं येणार नाहीत," मी म्हटलं. "ज्यांना आमचं पाणी चालत नाही त्यांच्याकडून आम्हाला शिकायचं नाही."

बाईंचं तोंड उघडंच राहिलं. "कोणाला चालत नाही पाणी?"

"तुम्हाला. थेंबसुद्धा घेणार नाही म्हणालात ना? सगळ्यांनी ऐकलंय."

"अहो बाई, पाणी घेतलं की मागून ताट येतं," त्या ओरडल्याच. "ताट आलं की वाटी येते. वाटी आली की शेजारीण येते, माझ्याकडे का नाही म्हणून. मी इथे जेवायला येते की शिकवायला? महिन्यात एक धडा झालाय, एक. ही पोरं मार्चमध्ये काय लिहिणार, मटणाची कृती?"

"मग तसं सांगायचं."

"सांगितलं की, डबा आणलाय म्हणून."

"डबा आणलाय म्हणजे आमच्याकडे काय होतं ठाऊक आहे?" आणि मग मी सांगितलं. सासूचं, ओंजळीचं, वरून ओतलेल्या पाण्याचं. सांगता सांगता माझाच आवाज फाटला, का कोण जाणे. ते माझ्यावर गुदरलेलं नव्हतं, तरी.

बाई खाली बसल्या. त्यांनी हातातला डस्टर बाकावर ठेवला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी पायरीवर बसून मी मुळ्याची भाजी खात होते. आणि तुमच्या घरातून कालवणाचा वास येत होता. मालवणची आहे मी, ॲग्नेसबाई. मेले हो मी त्या वासानं."

मला हसू आवरेना. त्याही हसल्या. दोघी तापट बायका, वाट लागायची ते तेवढ्यावर निभावलं.

पण नुसतं मला पटून काय उपयोग? मी गावाला काय सांगणार, की बाईंचा तसा अर्थ नव्हता? माझ्यावर कोण विश्वास ठेवणार, माझी पोरगी वर्गात आहे म्हणून बोलतेय म्हणतील. बाईंनी थोडा विचार केला आणि उठल्या. "चला. कुठली कुठली घरं आहेत दाखवा."

आणि ही बाई दारोदार गेली. ज्या ज्या घरचं पोर वर्गात होतं त्या प्रत्येक दारात उभी राहायची आणि म्हणायची, "पाणी द्या प्यायला." लोक गडबडून जायचे. कोणी गडू, कोणी पेला. ती भांड्याला तोंड लावायची, सगळं संपवायची, भांडं परत द्यायची आणि म्हणायची, "जेवण निकालानंतर. तोपर्यंत पाणी. पोराला पाठवा." पुढचं घर. तिसऱ्या-चौथ्या घरापर्यंत ठीक होतं, नंतर मला तिचं पोट दिसायला लागलं. मी म्हटलं, "बाई, दोन घोट घ्या, पुरे." म्हणाल्या, "दोन घोट घेतले तर म्हणतील नावाला घेतलं."

सगळ्यात शेवटी आमच्या घरी. सासू ओटीवरच होती. बाई तिच्यासमोर खाली बसल्या, पायाशीच. "आजी, पाणी."

सासूने स्वतः उठून माठातलं आणलं. बाईंच्या घशाखाली आता उतरत नव्हतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तरी प्यायल्या, अर्ध्यावर थांबून, डोळे मिटून, पुन्हा प्यायल्या. सासू सगळं बघत होती. पेला हातात परत घेतला आणि मला म्हणाली, "बोंबील मी घालते वाळत. पोरीला सोड."

त्या दिवशी वर्ग संध्याकाळपर्यंत चालला. बाई मधे मधे उठून बाहेर जात होत्या, त्याला इलाज नव्हता, पण शिकवणं थांबलं नाही. तिथून पुढे एक रविवार चुकला नाही. गावानेही वळण बदललं. आता चुरस पाण्याची, कोणाचा माठ गार, कोणी वाळा टाकतंय. धडे मात्र भराभरा संपायला लागले. भूमिती सुटत नाही म्हणून बाई माझ्या पोरीवर ओरडायच्या आणि मी बाहेर उभी राहून खूश व्हायचे. ओरडतात म्हणजे आशा आहे.

मार्चमध्ये परीक्षा झाली, जूनमध्ये निकाल लागला. पर्पेच्युआला पहिला वर्ग. मार्कसने ऐकलं आणि खाडीकडे तोंड करून रडला, आणि वर मला म्हणाला, "वारा आहे." गावातली बाकीची पोरंही पास झाली, एकटी क्लॅरिस गणितात गेली, थोडक्या मार्कांनी. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. एका बाजूला मी हसू दाबतेय आणि दुसऱ्या बाजूला जाऊ रडू दाबतेय, असे ते दिवस.

प्रवेशाच्या दिवशी मी पोरीबरोबर कॉलेजात गेले. चांगलं लुगडं नेसून, अंगावर सोनं. गर्दी काय ती गर्दी, अकरावी-दहावी दोन्हीकडची पोरं एका दारातून आत जायला बघतायत. यादी भिंतीवर लावली होती. तास गेला तेव्हा कुठे खिडकीपाशी पोचलो. खिडकीतला कारकून नवीन नव्हता, गोराईची पोरं ओळखणारा होता. माझं लुगडं बघूनच म्हणाला, "बाई, गोराईच्या जागा बंद झाल्या यंदापासून. तुमच्या गावाला कळवलंय सरांनी."

माझ्या तोंडात काय काय आलं म्हणून सांगू. पर्पेच्युआने माझ्या दंडावर हात ठेवला.

"मी त्या जागेवर आलेले नाही," ती म्हणाली, अगदी सावकाश. "यादीत नाव आहे. वरून नववं. बघा."

त्याने बघितलं. नाव बोटाने धरलं, पोरीकडे बघितलं, परत नावाकडे. "बस ना," म्हणाला, "उभी का? सह्या करायला वेळ लागेल." आणि मी, जी कुठे गप्प बसत नाही, ती तिथे खांबाला टेकून उभी राहिले. चौथीतली मी, ती दगड वाहणारी मी, सगळ्या मिळून आत गेल्यासारखं वाटलं. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, मार्कसला सांगू नका.

दळवी सर जिन्यापाशी भेटले. राणे बाई बरोबर. मी हात जोडले तर सर म्हणाले, "मला कशाला? यंदा मी तुम्हाला काहीच दिलेलं नाही. ती आली स्वतःच्या मार्कांनी." मग विचारलं, "क्लॅरिस कशी आहे?"

"घरात कोंडून बसलीय. बाहेर येत नाही."

"माझ्या विषयात," राणे बाई मधेच म्हणाल्या. चेहरा असा की त्याच नापास झाल्यात. "माझ्या विषयात नापास. ऑक्टोबरला परत बसेल ती."

मी खरं ते बोलले. "बाई, सरांचा शब्द पास झालेल्या पोरांसाठी होता. नापासाचं त्यात काही नव्हतं. आम्ही कोणी मागणार नाही."

सरांनी चष्मा पुसला. "तेव्हा मला जागा देता येत होत्या, म्हणून तेवढ्यावर भागलं," ते म्हणाले. "आता शब्द मोठा झालाय. येत्या रविवारी बाई येतील."

परतताना ओहोटी होती. तरीतून उतरून आम्ही चिखल तुडवत वर आलो, माझं चांगलं लुगडं बरबटलं. काठावर क्लॅरिस उभी होती. घरातून निघाली होती ती पर्पेच्युआला विचारायला, झालं का म्हणून, आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. दोघी एकमेकींकडे बघून उभ्या. मी म्हटलं, हे काम माझं.

"रविवारी बाई येतायत गं."

"कोणाला शिकवायला? सगळे पास झालेत."

"तुला."

तिला पटेना. "मला एकटीला? खाडी ओलांडून?"

"नाहीतर काय, बोंबलांना भूमिती शिकवायला येणार आहेत?"

पोरगी हसायला गेली आणि रडायला लागली. पर्पेच्युआने चप्पल हातात घेऊन तिच्या गळ्यात हात टाकला, आणि तिघी तशाच चिखलाच्या पायांनी घराकडे निघालो.